घाम की गळती

मंगळवार, संध्याकाळ

आंब्याचा रस थंड करायच्या हीट एक्स्चेंजरची आज टेस्ट होती. विहिरीचं गार पाणी भरून दाब दिला, आणि या दमट हवेत सगळ्या लोखंडाला घाम फुटला. कडेच्या नळीजवळचा एक थेंब मी पुसला. परत तिथेच आला. परत पुसला, परत तिथेच.

“घामच तो, मॅडम,” फोरमन काका म्हणाले. “डिझाइन तुमचं, मग गळेल कसं?”

“माझं आहे म्हणूनच सांगते, गळतंय. घाम पुसला की लगेच त्याच जागी परत येत नाही. नळ्या फार कडेला घेतल्यात मी, तिथे सांधा घट्ट बसत नाही.”

सीझन तोंडावर, आणि काम थांबवलं. वाईट वाटायला हवं ना? काहीच वाटत नाही.

जेवायला बसले तर तांब्यालाही घाम. एक थेंब पुसला आणि बघत राहिले.

“जेव गो, भात गार झाला,” आई म्हणाली.

तांब्यावर तो थेंब परत आला नाही.