सुंदराच्या जागेवरचा दिवा

९ ऑक्टोबर

पेटी विकत घ्यायची की घरी बनवायची — ठरत नाही. बॅटरीची पेटी. उचलून नेता येईल, बल्ब लावता येईल अशी.

सुंदराला जाऊन दोन महिने होत आले. मासळीबाजारातली तिची जागा रिकामी आहे. नवीन बाजाराचं बांधकाम चालू म्हणून सगळ्या बायका सध्या पटांगणात बसतात. तिथे वीज नाही, जिचा तिचा दिवा. १५ नोव्हेंबरला संध्याकाळी पालिकेची पाहणी आहे. ज्या जागेवर दिवा आणि मासळी दिसेल तिलाच नवीन बाजारात ओटा. सुंदराच्या शेजारी बसणारी सरूबाई काल दारात उभी राहून सांगून गेली. "अंधार दिसला तर नाव काढतील हां, रामनाथ. एकवीस वर्सं बसली ती तिथं."

मासळी मी ठेवीन म्हणाली. दिवा तुझा.

बसायचं कोणी ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

११ ऑक्टोबर

चारकोपला शिवदासच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. "काय चालवायचं काका?" शंभर वॅटचा पिवळा बल्ब. "किती तास?" पाच. त्याने मोठी तयार पेटी दाखवली. सात किलो! बाजूला पंख्याची जाळी. माशाचं पाणी उडालं तर? "तर गॅरंटी गेली."

सुटे सेल घेऊन बनवली तर बंद डब्यात बसेल, पाणी जाणार नाही. "पण उलटसुलट जोडलंत तर वाट लागेल, काका."

मग म्हणाला, "रोज चालवणार की एखादा दिवस? त्याच्यावर आहे सगळं."

नंतर येतो म्हटलं आणि निघालो.

१२ ऑक्टोबर

तयार घ्यावी.

१३ ऑक्टोबर

नको. पाण्याचं काय?

१९ ऑक्टोबर

यंदा दिवाळी नाही. लेकीला, पूर्वीला, सुट्टी होती. टेबलावरचे माझे कागद तिने वाचले — वॅट, तास, वजन.

"बाबा, शंभरचा बल्ब कशाला? एलईडी लावा ना!"

पांढऱ्या उजेडात पापलेट शिळं दिसतं. तुझी आई कधी लावायची नाही.

"अहो, पिवळा एलईडी मिळतो! नऊ वॅटचा!"

चौतीस वर्षं कंपनीत स्टोअर सांभाळलं. शेकडो बल्ब मोजून दिले. हे सुचलं नाही! सुंदराचा बल्ब शंभरचा होता, म्हणून शंभरचाच धरून चाललो. आता पेटी एवढीशी पुरेल. घेतली काय, बनवली काय.

बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच गोंधळलो.

पूर्वी चहा ओतताना म्हणाली, "आणि बसणार कोण? मी ऑफिसातून साडेआठला सुटते. तुम्ही तर लग्नात पण कोपरा शोधता." कप घेऊन खिडकीकडे गेलो.

२ नोव्हेंबर

बनवली. चार सेल, एक स्विच, रबराच्या झाकणाचा डबा. पहिल्यांदा उलटं जोडलं, फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा बल्ब लागला. स्वयंपाकघरात पाच तास चालू ठेवला. जवळच बसून होतो.

का बनवली? तयार घेतली असती तर दुसऱ्या दिवशी घरात आली असती. मग मला करायला काय उरलं असतं?

८ नोव्हेंबर

पूर्वीला विचारलं, एक दिवस लवकर सुटशील का. बघते म्हणाली.

१४ नोव्हेंबर

पूर्वीला जमत नाही.

१५ नोव्हेंबर

पाचला पेटी घेऊन गेलो. बांबूला बल्ब बांधला, लावला. सरूबाईने टोपलीत बोंबील ठेवले. मी निघालो.

"चालला कुठं? बोंबील स्वतः भाव सांगतील काय?"

गोणपाटावर बसलो. सगळ्या बायकांत एकटा पुरुष. पलीकडून ओरडा — "अगो, नवी कोळीण बघा! लुगडं नाय नेसली!" सगळ्या हसल्या. मान वर केली नाही.

एक बाई थांबल्या. बोंबील कसे? सरूबाईकडे बघितलं. "माझ्या तोंडाकडं काय बघतो? सांग!" सांगितलं.

"सुंदराबाई कमी लावायच्या. कुठे आहेत त्या? गावाला?"

पेटीकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. मग म्हटलं — वारली. ऑगस्टमध्ये.

हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. आजवर पूर्वीच सांगायची.

बाईंनी बोंबील घेतले. जाताना म्हणाल्या, "शुक्रवारी येते. मांदेली ठेवा." हो म्हणालो.

१६ नोव्हेंबर

काल पाहणीला कोणी आलंच नाही. पुढच्या महिन्यात म्हणे. सरूबाई म्हणाली, "सुटलास! आता तवाच ये."

पेटी चार्जिंगला लावली आहे. पाचला निघतो.