काढा ठेवलास, गोळी कापलीस

प्रिय प्रेरणा,

प्रिय लिहायला हात धजत न्हाई, पण पत्र असंच सुरू करायचं एवढं सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहिलं. तू फोन उचलत न्हाईस. मागं तू मला माझा फोटो पाठवलास, त्या पाकिटावरचा पुण्याचा पत्ता बघून लिहितेय.

श्रावणात तू गड उतरून लोहगडवाडीत माझ्या टपरीवर आलीस, चिंब भिजलेली. चुलीपाशी बसवलं, पिठलं-भाकरी वाढली. तू मोबाईल धरून व्हिडिओ काढत विचारलंस, मावशी, या वयात एवढ्या ठणठणीत कशा? मी काय सांगितलं ते आठव. गुळवेलीचा काढा पिते, आई प्यायची म्हणून. आन शुगरची गोळी खाते सकाळ-संध्याकाळ, सरकारी दवाखान्यातली, बारा वर्षं झाली. गोळ्यांचं पाकीटबी दाखवलं. तू काढा ठेवलास, गोळी कापलीस. वर मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'मावशीनं काढ्यानं शुगर पळवली'. कशानं पळवली गं? तुझ्या कात्रीनं?

खोटं कशाला बोलू, मलाबी लय बरं वाटलं. पोरं-पोरी गड चढायच्या आधी माझ्यासंगं फोटो काढायला लागली. काढ्यानंच बरं वाटलं का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणून मान हलवायची. गोळीचं कुणी विचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. मला राग तुझा येतो तेवढाच माझाबी येतो.

माझी धाकटी बहीण भामा सुदुंबऱ्यात असते. आठ वर्षं इन्सुलिनची सुई घेत होती. असले व्हिडिओ तिच्या मोबाईलवर रोज येतात, ती हसून सोडून द्यायची. पण हितं सख्खी बहीणच बोलत होती. मग मला विचारायला फोन तरी कशाला करेल? सुई बंद केली, काढा सुरू केला. शेतात पायाला काटा लागला, तो चिघळला. एक दिवस शुद्धच हरपली. तळेगावला दवाखान्यात नेऊन पायाची दोन बोटं काढली.

मी धावत गेले. हात जोडून सांगितलं, बाई, मी गोळी खाते, रोज खाते. तिच्यासमोर गिळून दाखवली. भामा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, तुला डॉक्टरनं पढवलंय. मोबाईलात तू मनापासून बोललीस." आता घरी आलीय, तरी सुईला हात लावू देत न्हाई. तिचा लेक कैलास रडकुंडीला आलाय. साखर उतरली न्हाई तर गुडघ्यापासून पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलंय.

पत्र लिहायला बसले ते तुला शिव्या द्यायलाच. लय आल्या तोंडात, पण गिळल्या, कारण तुझ्याकडं काम हाय. समोर बसलेल्या अक्कावर भामाचा इस्वास न्हाई, तुझ्या मोबाईलातल्या अक्कावर हाय. तवा बाई, तो व्हिडिओ आधी काढून टाक आन मोबाईल घेऊन ये. म्हणशील तितं बसते. गोळीचं बोलेन, मान हलवली तेबी बोलेन. या वेळी एक शब्द कापायचा न्हाई. रविवारच्या आत ये, सोमवारी डॉक्टर भामाचा पाय बघणार हायेत.

तुझीच वाट बघणारी,
नंदामावशी