पिंपावरचे मामा

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघा, खोकला, झोप, सगळं सविस्तर कळवा. (का, ते शेवटी सांगतो.) मी बरा आहे, म्हणजे परवा सकाळपर्यंत होतो.

पाणीपुरवठ्याच्या शताब्दीचं नाणं काढायचं म्हणून आमच्या टांकसाळीत प्रस्ताव मागवले, तेव्हा मी तुमचा चेहरा कोरला होता. पस्तीस वर्षं पहाटे उठून ज्याने गावाला पाणी सोडलं, त्याचा नाही तर कोणाचा कोरायचा? (साहेबांनी कारंजं सुचवलं होतं. ते कारंजं दर आठवड्याला तुम्हीच दुरुस्त करायचात, हे त्यांना काय ठाऊक!) आमच्याकडे नाण्याचा नमुना आधी ताटाएवढा प्लास्टरचा करतात, मग यंत्र तो लहान करतं. ताटाएवढे मामा मी कमिटीकडे पाठवले आणि पुढे तीन वर्षं एकच उत्तर ऐकलं, विचार चालू आहे. इकडे तुम्ही गल्लीभर सांगून बसलात, मामींनी नाण्यासाठी मखमली डबी आणून ठेवली. मला तुमच्याकडे यायची लाज वाटू लागली.

परवा चहाच्या खोलीत स्वतः पाणी घ्यायला गेलो (एरवी चहावाल्या बाई पेला हातात आणून देतात). पिंपावरचं झाकण उचलून सहज उलटं केलं. झाकण म्हणजे तुम्ही! पालथे, पाण्याकडे तोंड करून, तीन वर्षं! मिशी जागेवर होती, पण नाक नव्हतं. मी वेड्यासारखं पिंपात हात घालून शोधलं, आणि मग उलगडा झाला. ओलीने झिजत झिजत तुमचं नाक आम्ही सगळ्यांनी, साहेबांसकट, पिऊन टाकलं होतं! बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, नापास नाण्यांची झाकणंच होतात. त्यातल्या त्यात तुमचं घट्ट बसतं." बघतो तर साखरेच्या डब्यावर एक रेल्वे स्टेशन, दुधावर एक सेनापती.

तावातावाने फाईल मागवली. त्यात शेरा होता, 'चेहऱ्याची व्यक्ती हयात आहे. हयात व्यक्तीचे नाणे निघत नाही. वाट पाहावी.' मामा, ही माणसं तीन वर्षं तुमची वाट पाहत होती! झाकण पिशवीत घालून मी सरळ घरी आणलं. चोरी म्हणा हवं तर.

मामींना यातलं अवाक्षर सांगू नका.

तुमचा,
भाचा

ता. क. : दर महिन्याला तुमची तब्येत मी मायेनेच विचारतो. पण साहेबही दर महिन्याला मला विचारायचे, "मामा कसे आहेत?" काय मनाचा मोठेपणा, असं मला वाटायचं. मी 'ठणठणीत' म्हटलं की ते तोंड पाडून लिहून घ्यायचे.

आणखी एक ता. क. : झाकण गायब झालं म्हणून काल कमिटी बसली आणि अर्ध्या तासात एकमताने ठरलं की तेच झाकण हवं, प्रत्येक मजल्यावर एक, या वेळी पितळेचं, आपल्याच टांकसाळीत पाडलेलं. झाकणावर हयात माणूस चालतो. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून लगेच पाठवा, नाक मी पुन्हा कोरायला घेतलंय. आणि मामींना आता सांगाच, डबी बदलून ताटाएवढी आणा म्हणावं.