भुऱ्याचा घास

६ जानेवारी १९९१, दीपनगर

भावजय झुंबरबाई आज पुन्हा बोललीच — "नणंदबाई, कुत्रे शिकवून कोणाचं पोट भरतं? अन् तेही बाईमाणसाचं!"

भरतं! नूर महंमद उस्तादांचं भरतं ना? मिलिटरीत कुत्र्यांवर होते, आता राखणीचे कुत्रे तयार करतात. मी त्यांच्याकडं कुत्र्यांची घाण काढली, मार खाल्ला नाही पण चावे खाल्ले. आता परीक्षा — भुऱ्या कुत्रा मी एकटीनं तयार करून दाखवायचा. सर्टिफिकेट मिळालं की मीपण उस्ताद. मग भावाच्या क्वार्टरमधला तुकडा नको.

१५ जानेवारी

भुऱ्या शिकला! परक्यानं मटण पुढं केलं तरी तोंड फिरवतो. मी 'घे' म्हटलं तरच खातो. चोर विष घालतात म्हणून हे शिकवायचं. लाळ गळत होती बिचाऱ्याची — पण हलला नाही.

२० जानेवारी

पास! पुण्याचे साहेब म्हणाले, "बाई, कुत्रा पक्का आहे."

आता एकच राहिलं — भुऱ्या नव्या मालकाच्या हवाली करायचा. चोपड्याचे रुपचंद शेठ, कापसाच्या जिनिंगवाले. उस्ताद म्हणाले, "सुंदरबाई, जल्दी नको. पंधरा दिवस तिथं राहा. एका परातीत दोन हात — तुझा अन् शेठचा. रोज तुझा हात जरा मागं, म्हणजे तो शेठच्या हातचं खायला लागेल. मगच शेठची सही घे." अन् ते धुळ्याला लेकीकडं गेले.

२४ जानेवारी

मी चोपड्याहून आले परत. दोन दिवस पुष्कळ झाले! शेठ परातीत हात घालीना. "मी काय कुत्र्याची माय आहे का?" शेवटी 'घे' हा शब्द तेवढा सांगितला, सही घेतली. कागदावर पंधरा दिवस लिहिले.

निघाले तर भुऱ्या साखळी ताणून बघत होता. मी थांबले नाही. एसटी चुकली असती.

१० फेब्रुवारी

सर्टिफिकेट आलं. नाव छापलेलं! झुंबरबाईनं न मागता चहा दिला.

१९ फेब्रुवारी

जिनिंगचा वॉचमन झुलाल आला. दारातूनच — "अक्का, तुन्हा कुत्रा मरी जाई. काहीच खात नही."

"शब्द सांगितला होता ना शेठला?"

"शेठनी बठ्ठास्ले सांगी दिन्हा."

सगळ्यांना सांगितला! मग हमालांनी गंमत केली. भाकरीत मिरचीचा ठेचा कोंबला अन् म्हणाले, घे. भुऱ्यानं घेतली. माझा शब्द होता म्हणून घेतली! तोंड भाजलं, विव्हळला. हमाल हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा घेतली. मग खाणंच बंद.

मेल्यांनो!

२० फेब्रुवारी

आणला. उचलून आणला — उभा राहत नाही. उस्ताद धुळ्याहून आलेत. बरगड्यांवरून हात फिरवला, एवढंच म्हणाले, "परातीत दोन हात होते ना, सुंदरबाई?"

मी सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं.

२१ फेब्रुवारी

दूधभाकर कुस्करली. हातावर घेतली. 'घे' म्हटलं.

भुऱ्यानं शेपूट हलवलं. अन् तोंड फिरवलं.