टाळू

माय, तुले जाऊन लय वर्सं झाली, पण तुलेच सांगावं असं काम पडलं. दादाच्या पोराची टाळू भरून नाही राह्यली. दोन वर्साचा होत आला, डोक्यावर अजून बोटभर रुंद जागा नरम हाये, रडला का धडधडते. वहिनी त्याले कापसाच्या ढिगावर खेळवते, पडला तं लागू नाही म्हनून. औंदा भाव नाही तं आपल्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूसच हाये. आत्या म्हनते का वहिनी तेलानं टाळू नीट भरत नाही, हिच्या हाताले माया नाही. आत्यानं दारव्ह्याले निरोप धाडला वहिनीच्या भावाले, का ये अन् बहिणीले घेऊन जा, लेकरू आम्ही पाहू. तो उद्या येनार हाये. तवापासून वहिनी जेवत नाही.

मले तुही सैपाकाची खोली आठवते. तू पळीत तेल गरम करत, हातावर घेत, अन् माह्या टाळूवर थापत बसत. मी शाळेत जात होती तरी थापत. आत्या दारात उभी राहून म्हने, "राणीबाईचे खांदे पाहा कसे उतरले, कापसाचं गठुडं उचलवत नाही, तं पोरीची टाळू काय भरनार." तू आनखी एक पळी तेल थापत. एक डाव मी आंगनात पोट्ट्यांयले खांदे मिळवून दाखवले, दोन्ही खांदे समोर छातीवर एकमेकाले टेकवले, सगळ्या हासल्या. तू मले दंडाले धरून आत नेलं. "कोनासमोर असं करू नोको. लोकं नावं ठेवतात." मंग दार लोटलं अन् तुहे बी खांदे मिळवून दाखवले. किती हासलो आपन, तोंडावर पदर धरून. दादाचे बी मिळतात, तो ढगळ शर्ट घालते. मी तं आठवीतच शाळा सोडली. दुधाचे दात पडतच नव्हते, पोट्टे बाळ म्हनत, मी तोंड उघडनंच सोडलं.

आज यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेलतो, वहिनी, आत्या अन् मी. दादा कापसाची गाडी घेऊन खरेदीच्या लाइनीत अडकला हाये. डाक्टरीनबाईनं एक्सरे मशीनवर लेकराचा फोटो काढला अन् म्हने गळ्याखालचं आडवं हाड बनलंच नाही, दोन्हीकून. वहिनीचा चेहरा पांढराफट. बाईनं समजावून सांगतलं. आंगात हाड बनवनाऱ्या पेशी राह्यतात, पण त्या आधी कच्च्या असतात, कोनतं काम करायचं थे त्यायले ठाऊक नसते. एक जीन राह्यते, थो मुकादमासारखा त्यायले कामाले लावते, का तुम्ही आता हाडाचे गवंडी व्हा. एक मुकादम मायकून येते, एक बापाकून. याच्यात एकच बोलते, दुसरा मुका हाये. म्हनून काम धिरं, टाळू उशिरा भरते, अन् काही जागी गवंडी पोचतच नाही. मंग तिनं इचारलं, घरात आनखी कोनाले असं हाये काय? वहिनी म्हने, नाही. आत्या म्हने, "आमच्या घरात असं कोनालेच नाही बाई. हिनं तेलच घातलं नाही."

माय, मी ओढनी काढली अन् खांदे मिळवले. तोंडातून एवढंच निंघालं, "दादाचे बी मिळतात. मायचे बी मिळत होते." बाईनं माह्या गळ्याखाली बोटं फिरवली अन् म्हने, हे तुमच्या मायकून आलं, दुधाचे दात उशिरा पडतात थे बी याच्यानंच, तेलानं हे होत नाही अन् तेलानं जात बी नाही, कोनाचीच चूक नाही. लेकरू चालन, शिकन, डोकं तेवढं सांभाळा. मंग मले म्हने का तुम्हाले लेकरं झाली तं त्यायले होईन का नाही, हे अर्धं-अर्धं. तवापासून थेच अर्धं-अर्धं डोक्यात फिरून राह्यलं.

येतानी जीपमध्ये बसलो. लाडखेडच्या पुढं आत्यानं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावर हात धरला, गचके बसू नाही म्हनून. बाहीर पाहूनच मले म्हने, "तुह्या मायनं लय तेल घातलं वो तुले." मंग वहिनीले म्हने, "उद्या तुहा भाऊ येईन तं जेवून जाईन. एकटाच."

वहिनी आता जेवली. मले झोप नाही. दादाले कसं सांगू, लेकराच्या डोक्याले काही लागलं तं, मले पाहाले कोनी आलं तं काय सांगायचं, हेच चालू हाये. हे तुले धाडनार तं कुठं. तू दाखवू नोको म्हनलं होतं अन् मी दाखवलं, त्याचं मले काही वाटत नाही. पन एक सांगतो. हे मायकून आलं असं बाई म्हने ना, तवा आधी मले भेव नाही वाटला. बरं वाटलं. तुहा एक फोटो बी नाही घरात, हे तेवढं तुहं माह्या आंगात हाये. भेव मंग आला, जीपमध्ये.