एकटीची काचाशी

चि. कामे,

तुझे गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचा खोकला? माझ्याकडे राहणारी तुझी नात कानामी ठणठणीत आहे, पण घोळ तिचाच आहे.

तिच्या शाळेत मी काचाशी शिकवते, आपल्याकडे लग्नात शेवटी सगळे उठून नाचतात तीच. परीक्षेत सर म्हणाले, "एकेकानं नाचा." कानामी नाचायला हात वर करून थबकली. "आजी, एकटीनं कुणाबरोबर नाचू?"

मी उठले, तिच्याबरोबर नाचले. पाठोपाठ अख्खा वर्ग उठला. सरांनी कपाळाला हात लावला. "आजी, आता हिला गुण किती, तुम्हीच सांगा!"

शून्य द्यावं, तर पोर चुकली कुठे? पैकीच्या पैकी द्यावेत, तर गाव म्हणेल, घरच्या पोरीला झुकतं माप. तुला विचारलं तरी तेच म्हणतील, म्हणून हे पत्र टपालात टाकायचा धीर होत नाही. तरी उत्तर लवकर धाड गं.

तुझी गोंधळलेली ताई,
नाबे