तोंडावर ‘नाही’ म्हणणारी साइट

हेसल रोड, हल
रविवार दुपार

प्रिय ब्रायोनी,

‘प्रिय’ हा शब्द सवयीनं आलेला नाही, मुद्दाम लिहिलाय. ग्लेनिस मावशी खांद्यावरून डोकावून म्हणाली, “नुसतं नाव लिही की, एवढं लोणी कशाला?” मी म्हटलं, माझं प्रेम कुणाच्या परवानगीनं सुरू झालं नव्हतं, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून थांबणारही नाही. तिनं कपाळाला हात लावला आणि बटाटे सोलायला गेली. तर प्रिय ते प्रियच. पण पुढचं सगळं रागानं लिहिलंय. प्रेमात पडलेला माणूस चिडला की त्याचं अक्षर कसं होतं, ते तुला दिसतंच आहे.

आधी बातमी. आमच्या टेबलानं तुमच्या बिंगोच्या साइटवरच्या गुलाबी हत्तीला सोडचिठ्ठी दिली. मावशी, रीटा आणि पॉलीन, तिघींनी एकदम. हत्ती अजून रोज मेल पाठवतो, डोळा मारतो, ‘परत या, फुकट तिकिटं घ्या’ म्हणतो. पॉलीन त्याला फोनवरच शिव्या घालते, त्याला ऐकू जात नाही याचं तिला फार वाईट वाटतं. रीटाचं बक्षीस तुमच्या कंपनीनं अडवून ठेवलं याचा राग आहेच, पण खरा राग तो नाही. खरा राग बक्षीस मागितल्यावर आलेल्या उत्तरातल्या एका शब्दाचा आहे. तुमच्या कंपनीनं त्या तिघींना लबाड म्हटलं. मावशीनं मासळीच्या कारखान्यात गार पाण्यात हात घालून उभं आयुष्य काढलं, तिथल्या मुकादमाचीही हा शब्द तिच्यासाठी वापरायची छाती झाली नाही. त्या दिवसापासून ती मासळीवाल्याच्या दुकानातही खाली मान घालून जाते, जणू आख्ख्या हेसल रोडनं ते उत्तर वाचलंय. तो शब्द मला परत घ्यायला लावायचाय. दुसरं काही नको.

तुला आपला बिंगोचा हॉल आठवतो का गं? तू वर चौथऱ्यावर, हातात माइक, केसांत ती हिरवी पट्टी. आमच्या कोळ्यांच्या वस्तीत हिरवा रंग अपशकुनी, म्हणून म्हाताऱ्या कुजबुजायच्या आणि तू मुद्दाम तीच घालून यायचीस. मी मावशीला घरी न्यायला यायचो आणि दारात खोळंबायचो. तू ‘अकरा’ पुकारलंस की, त्यातले दोन एक म्हणजे बाईचे दोन सडपातळ पाय, या जुन्या रिवाजाप्रमाणे हॉलभर शिट्ट्या व्हायच्या. एकदा माझी शिट्टी जरा जास्तच लांबली, आणि तू माइकवरून म्हणालीस, “दारातले लाल जॅकेटवाले साहेब, शिट्टी वाजवायची असेल तर तिकीट काढा, फुकटात फक्त खोकता येतं.” आख्खा हॉल हसला. मी तिकीट काढलं. मला आकड्यांचा वेग झेपेना, तर रीटा स्वतःची तिकिटं सांभाळून माझंही खोडत बसली आणि म्हणाली, “पोरा, तू तिकिटाकडे बघतच नाहीयेस, मग ते बिचारं लागणार कसं?”

मग हॉल बंद पडला. तिथं आता गालिचे विकतात. तुला लीड्सला नोकरी लागली, साइटवर खेळणाऱ्यांशी गप्पा मारायची. मी तोवर कॉलेज सोडून बसलो होतो. तू म्हणालीस, जॅरड, तू सगळंच अर्धवट टाकतोस. टाकलं, बरं का, आणि आजही त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. जो प्राध्यापक भर वर्गात म्हणतो की बंदरावरच्या पोरांना गणितापेक्षा गोदाम बरं, त्याच्यासमोर मी आणखी दोन वर्षं वही उघडून बसलो असतो तर माझीच मला लाज वाटली असती. असो. तू जाताना तिघींना म्हणालीस, आमच्या साइटवर या, मी असेनच, हॉलसारखंच वाटेल. त्या आल्या. साइट चांगली की वाईट ते कुणी पाहिलं नाही. तू होतीस, एवढं पुरलं.

आता त्यांची रीत तुला मी सांगायला नको, पण सांगतो, कारण तू ती विसरलीस की काय असं वाटायला लागलंय. पहिला आकडा पुकारायच्या आधी तिघी आकडे खोडायच्या आपापल्या जाड पेनांची टोकं एकमेकींना टेकवतात. टेकली की ठरलं, जिंकून ओरडेल कुणीही, वाटणी तिघींची. त्या टेबलावर ‘माझं तिकीट’ असं काही नसतंच. म्हणून साइटवर आल्यावर मावशीच्या एकटीच्या नावानं खातं उघडलं आणि तिघी त्यावरच खेळायला लागल्या. रीटाला बँकेचं कार्ड यंत्राला दाखवायचं नव्हतं, पॉलीनकडे मेलचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी ते एक खातं नव्हतं, ते टेबल होतं. तरी त्या आधी विचारून मोकळ्या झाल्या होत्या. मी तिथंच चहा ओतत होतो. पॉलीननं एका बोटानं टाइप केलं, “ब्रायोनी पोरी, आम्ही तिघी एकाच नावावर खेळलो तर चालेल ना गं?” आणि तुझं उत्तर लगेच, हत्तीच्या चित्रासकट, “पळेल! टेबल ते टेबल, माझ्या राण्यांनो!” त्या तिघी लग्नाचं आमंत्रण आल्यासारख्या खुलल्या.

हरत होत्या तोवर कोण खेळतंय हे कुणी विचारलं नाही. सगळं गोड. मग एका मंगळवारी रीटाचं पूर्ण घर लागलं. ती अशी ओरडली की शेजारचा म्हातारा भिंतीवर काठी आपटून विचारायला लागला, “मेलं का कोण?” पॉलीननं त्यालाही आत बोलावून केक दिला. आणि बक्षीस मागितलं तेव्हा तुमच्या हत्तीला अचानक नियम आठवला. एक खातं, एकच माणूस. खातं गोठवलं, बक्षीस रद्द, आणि वर तो शब्द. मी फोनवर इतका ओरडलो की पलीकडच्या पोरानं फोन ठेवला. मावशीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, “तुझ्या ओरडण्यानं आजवर एक बल्ब तरी लागलाय का? अर्धं कॉलेज केलंस ना? मग ते अर्धं तरी वापर. आम्हाला धड साइट शोधून दे. हॉल नाही तर नाही, पण टेबल मोडणार नाही. त्या हत्तीच्या भीतीनं तर मुळीच नाही.”

मग मी शोधायला बसलो, आणि आधी तुमच्याच साइटची कुंडली काढली. प्रत्येक साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात जुगार आयोगाच्या परवान्याचा क्रमांक असतो. तो नुसता असून भागत नाही, आयोगाच्या स्वतःच्या यादीत जाऊन तोच क्रमांक त्याच नावाचा आहे का ते पाहावं लागतं. तुमचा होता. खरा होता. म्हणजे परवाना असणं ही फक्त चौकट, आत घर कसलं आहे ते वेगळंच. एका साइटचा क्रमांक यादीत सापडलाच नाही, ती तिथंच उडवली. मग बोनस. पॉलीनला बोनस म्हणजे फुकटचा केक वाटायचा. मी तिला समजावलं, हा केक आधी कितीतरी वेळा परत दुकानात नेऊन दाखवायचा असतो, म्हणजे ते पैसे पुन्हा पुन्हा खेळात लावायचे, मगच एक घास तुझा. ती म्हणाली, “मग केक घरीच करते की.” जिथं पैसे भरायला एक बटण आणि काढायला सात दारं, ती साइट बाद. जिथं आठवड्याच्या खर्चाला मर्यादा घालायची सोय खणून काढावी लागते, ती बाद. जिथं माणूस फोन उचलतच नाही, तीही बाद. रीटा मागून म्हणाली, “अरे, तू बायको शोधतोयस की बिंगो?” मी म्हटलं, बायको शोधताना एवढं पाहिलं नाही, म्हणून तर ही वेळ आली. मला बोलून गेल्यावर कळलं, पण मागे घेतलं नाही.

शेवटी उरलेल्या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारला, तोच, पॉलीनचाच. आम्ही तिघी एका नावावर खेळलो तर चालेल का? एक साइट म्हणाली, या तर खरं, मग बघू. दुसरीनं प्रश्न सोडून फुकटची तिकिटंच पुढे केली. तिसरी ‘डार्लिंग’ म्हणाली आणि मी तिथंच बंद केली. एकीवर मात्र एका बाईनं फोन उचलला, आवाज असा की जणू मी तिच्या दारात चिखलाचे बूट घालून उभा आहे. म्हणाली, “नाही. मुळीच नाही. प्रत्येकीचं वेगळं खातं, प्रत्येकीचा स्वतःचा पुरावा. जिंकल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात काय वाटून घेता ते तुमचं तुम्ही बघा, मला नका सांगू.” मी विचारलं, तिघी एकाच घरातून, एकाच वायफायवरून खेळतील, नंतर अडवणार का? तिनं तिघींची नावं लिहून घेतली आणि म्हणाली, आधी विचारलंत ते बरं केलंत. ब्रायोनी, एवढं कोरडं बोलणं ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. मी तीच साइट निवडली.

आता पॉलीनला मेलचा पत्ता आहे आणि ती तो बसस्टॉपवर सगळ्यांना सांगत सुटते. रीटानं स्वतःच्या हातानं मर्यादा घातली, एवढी कमी की मी हसलो, तर म्हणाली, “छत माझ्या घराचं आहे, उंची मी ठरवणार.” मावशीच्या स्वयंपाकघरात तिघी टॅबलेट घेऊन बसतात, आकडे यंत्राला खोडू देत नाहीत, स्वतः बोटानं खोडतात आणि पेनं अजून टेकवतात, जरी पेनांचं आता काही काम नाही. त्या साइटवर तुझ्यासारखा गप्पा मारणारा कुणी बॅसिल आहे. त्याचे विनोद भिजलेल्या पावासारखे. मला हसू येत नाही. मला तुझा आवाज हवा असतो आणि मी त्याबद्दल स्वतःवर चिडतो.

मी तुझ्यासाठी खूप पळवाटा शोधल्या. तुला नियम माहीत नसेल, असं स्वतःला पटवून पाहिलं. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नियमांची परीक्षा घेतली आणि तू पहिली आलीस, हे तूच मला नाचत सांगितलं होतंस. म्हणजे माहीत होतं. वरून कुणी सांगितलं असेल, खेळायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, बाकी नंतर बघू. मी समजू शकतो. गोदामात मलाही वरून काय काय सांगतात. पण मी ते करत नाही, म्हणून महिन्याआड नवी नोकरी शोधतो, आणि तू मला अर्धवट म्हणतेस.

आता कशासाठी लिहिलं ते. आम्ही तक्रार तिऱ्हाईत लवादाकडे नेली आहे. तुमची कंपनी तिथं म्हणते की असा प्रश्न कुणी विचारलाच नाही, असं उत्तर कुणी दिलंच नाही, आणि त्या दिवसाच्या गप्पा आता जपून ठेवलेल्या नाहीत. म्हणजे एकीकडे तीन लबाड म्हाताऱ्या, आणि दुसरीकडे तू. मावशी म्हणाली, पोरीचं नाव घालू नकोस, तिची नोकरी जाईल, आमचं काय, आम्ही ऐकून घेऊ. आयुष्यात पहिल्यांदाच मी मावशीचं ऐकलं नाही. मी तुझं नाव घातलं, माझ्या हातानं, आणि हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हा कागद. मी माफी मागत नाही. खरं बोलायला तुला विनवणारही नाही. खरं बोललीस आणि त्यांनी तुला काढलं, तर माझी खोली लहान आहे, हीटर अधूनमधूनच चालतो, पण ये, तुझं सामान मी स्टेशनवरून उचलून आणीन आणि सगळ्या हेसल रोडला दाखवत आणीन. खोटं बोललीस तरी मी तुझ्यावर प्रेम करतच राहीन, ते माझं मी बघून घेईन, पण मग ह्या रस्त्यावर पाय ठेवू नकोस. गुरुवारी सकाळी लवादाच्या कचेरीतून तुला फोन येईल. माझे फोन तू उचलत नाहीस. नको उचलू. हा उचल.

तुझाच, कुणी काहीही म्हणो,
जॅरड